कावेरी खबरेच्या चुका

मिनल ओव्हाळ चिडली की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. त्या दिवशी मोशीच्या चौकात तो भर दुपारी लाल झाला, आणि त्याला कारणही तसंच होतं. तीन दिवस ज्या माणसाच्या मागावर ती स्कूटर घेऊन उन्हातान्हात फिरत होती, तो तिच्या डोळ्यांदेखत डावीकडच्या गल्लीत वळला. तीही वळणार, तेवढ्यात एका तरुणाने दोन्ही हात पसरून तिची गाडी अडवली.

"मॅडम, दोन मिनिटं… शॉट चालू आहे."

"कसला शॉट?"

"सीरियलचा. तुम्ही फ्रेममध्ये येताय."

मिनलने मान उंचावून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा होता, दोन मोठ्या छत्र्या होत्या, बघ्यांची ही गर्दी. आणि त्या सगळ्यांच्या मधून, ऑक्टोबरच्या रणरणत्या उन्हात, गुडघ्यापर्यंत लांब काळा कोट घातलेली एक बाई उंच टाचांच्या बुटांवर पळत होती. तिच्या हातात चक्क भिंग होतं.

"ही कोण?"

"कावेरी खबरे. खाजगी गुप्तहेर," तो तरुण जरा अभिमानानेच म्हणाला. "आरोपीच्या मागावर आहे."

आता यावर माणसाने काय बोलावं? खोटी गुप्तहेर पळत होती, खरी गुप्तहेर स्कूटरवर अडकली होती, आणि खरा माणूस केव्हाच पसार झाला होता.

कारण मिनल खरोखरच गुप्तहेर होती. चिंचवडला झेरॉक्सच्या दुकानावर कुसुमताईंची छोटी एजन्सी होती. कुसुमताई पोलिसातून निवृत्त झालेल्या, आवाज अजून ठाण्यातलाच. त्यांच्या एजन्सीत खून-दरोडे येत नसत, लग्नाच्या चौकशा येत. या पट्ट्यात मुलगी द्यायची म्हटलं की बापाला एकच गोष्ट हवी असते. मोशीचे नानासाहेब, म्हणजे मिनलचे या वेळचे पक्षकार, पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "दिसायला कसा हाय, शिकलाय किती, ते आमी बघू. पोरगा कंपनीत पर्मनंट हाय का न्हाई, येवढंच सांगा." तर तो पोरगाच आता हातचा गेला होता.

मग मिनलने तोंड सोडलं. कोट घालून पाठलाग कोण करतं, असं तिने विचारलं. टाचांचा आवाज चार गल्ल्या पलीकडे जातोय, आरोपी बहिरा आहे का? आणि भिंगातून ती बाई बघते काय, मुंग्या? आपल्याकडे बाईने कुणाच्या मागे जायचं असेल तर हातात भाजीची पिशवी असावी लागते. भाजीच्या पिशवीकडे या गावात कुणी वळून बघत नाही, पण काळ्या कोटाकडे कुत्रीसुद्धा भुंकतात.

एवढं ऐकून कुठल्याही माणसाला राग आला असता. या माणसाने खिशातून वही काढली आणि लिहायला लागला.

"आणखी?"

"आणखी काय आणखी?"

"आणखी काय चुकतंय? मी हिचा लेखक आहे. प्रितम सोनकांबळे. सेटवर सगळे छान छान म्हणतात… चुका सांगणारं कुणी भेटत नाही." मग त्याने वहीतून डोळे वर केले. डोळे हसरे होते, आणि मिनलला ते अजिबात आवडले नाहीत. "पण तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"कारण मी तेच काम करते. आणि तुमच्या या बाईपायी माझा माणूस गेला."

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. आपण कोण ते कुणाला सांगायचं नाही, हा कुसुमताईंचा पहिला नियम. तीन वर्षांत जो मोडला नव्हता तो तिने तीन मिनिटांत मोडला, आणि तोही एका सीरियलवाल्यासमोर. तिला स्वतःचाच एवढा संताप आला की तो सगळा तिने प्रितमवरच काढला आणि गाडी वळवली.

"ऐका तरी," तो मागून म्हणाला. "निळा शर्ट, काळी बुलेट? तो रोज चारला चाकण रोडला साहेबरावांच्या टपरीवर असतो. आमचं युनिट तिथेच चहा पितं."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मिनल टपरीवर होती. निळा शर्टही होता. प्रितमही होता. तिने त्याला धन्यवाद म्हटलं नाही.

*

'कावेरी खबरे' रोज रात्री आठला लागायची. मिनलने ती आयुष्यात कधी पाहिली नव्हती, पण तिच्या घरात तिच्या वडिलांचा, जयसिंगरावांचा, एकही भाग चुकत नसे. नेहरूनगरच्या त्या दोन खोल्यांत आठच्या ठोक्याला जयसिंगराव खुर्ची पुढे ओढत, शेजारच्या सावित्रीबाई उंबऱ्यात येऊन बसत, आणि मिनलची आई चतुराबाई भाजी निवडता निवडता कान देत. "आपल्या मिनूसारखीच आहे ही," जयसिंगराव म्हणायचे, आणि मिनल आतल्या खोलीत दात खायची.

आता ती बाहेरच्या खोलीत येऊन बसू लागली. भाग संपला की प्रितमच्या मोबाईलवर तिची एक यादी जायची. वर लिहिलेलं असे, 'आजच्या चुका'. कावेरी खबरेने बेल वाजवून 'मी गुप्तहेर' असं सांगितलं, चूक. भाड्याने खोली मिळेल का विचारत जायचं, म्हणजे शेजारीण स्वतःहून सगळं सांगते. कावेरीने कंपनीत फोन करून मुलाची माहिती काढली, चूक. कंपनी कुणाला माहिती देत नाही. शिफ्ट सुटताना गेटसमोर उभं राहायचं आणि गळ्यातली दोरी बघायची. चाकण रोडच्या कंपनीत ओळखपत्राची निळी दोरी म्हणजे पर्मनंट, लाल म्हणजे कॉन्ट्रॅक्ट. मुलीच्या घरी फोटो दाखवताना पोरं मित्राची निळी दोरी घालतात, पण गेटवर मित्राला ती परत द्यावी लागते.

दोरीची गोष्ट त्याने मिनलला विचारून पुढच्या आठवड्यात घातली. त्या दिवशी जयसिंगराव खुर्चीतून उठून उभे राहिले. "याला म्हणतात लेखक," ते म्हणाले. "हा माणूस कधीतरी गेटवर उभा राहिलेला आहे." मिनलने हसू दाबलं. सीरियलच्या नावांत लेखकाचं नाव इतक्या झरकन निघून जायचं की जयसिंगरावांना ते वाचता येत नसे.

नानासाहेबांचं काम संपलं, निळ्या शर्टाची दोरी निळीच निघाली. तरी मिनल चारला टपरीवर जात राहिली. आणखी दोन चौकशा त्याच गेटवरच्या आहेत, असं ती कुसुमताईंना म्हणाली. कुसुमताई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"तुम्ही रागावल्याशिवाय काही सांगतच नाही का?" एकदा प्रितमने विचारलं.

"तुम्ही चुकल्याशिवाय काही लिहीतच नाही का?"

"हल्ली मुद्दाम चुकतो."

"म्हणजे?"

"मंगळवारचं ते… कावेरी पाठलाग करताना मोबाईलवर गाणं लावते, ते. शेंबड्या पोरालाही कळेल की चूक आहे. ते मी मुद्दाम राहू दिलं." त्याने चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला आणि त्यातच बघत राहिला. "त्या दिवशी तुमचा मेसेज सतरा ओळींचा आला होता. सोमवारी पाचच ओळी होत्या."

मिनलच्या नाकाचा शेंडा लाल झाला. पण या वेळी तो रागाने लाल झाला की आणखी कशाने, हे तिचं तिलाही ठरवता येईना. तिने त्याला चांगलं झापलं. लाखो लोक बघतात, त्यांना मूर्ख समजता का, असं विचारलं. तो ऐकत राहिला आणि हसत राहिला. त्या दिवशीपासून अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

*

दसरा होऊन गेला आणि परतीचा पाऊस आला. चाकण रोडवर चारची शिफ्ट सुटत होती. टपरीच्या पत्र्यावर पाऊस असा आपटत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकायला माणसाला जवळ सरकावं लागे. प्रितम जवळ सरकला होता. त्याच्या शर्टाला ओल्या मातीचा आणि विड्यांच्या धुराचा वास होता. विड्या साहेबरावांच्या.

समोर कंपनीच्या गेटवर एक मुलगा गळ्यातली लाल दोरी काढून वॉचमनच्या हातात देत होता. कॉन्ट्रॅक्टच्या मुलांना सात महिने भरले की ब्रेक देतात. परत बोलावतील न बोलावतील, कार्ड मात्र त्याच दिवशी जमा. दोरी देऊन झाली तरी तो मुलगा डबा हातात धरून पावसात उभाच राहिला. घरी या वेळेला कसं जायचं, याचा तो विचार करत असावा.

मिनल त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने प्रितमला जे सांगितलं, ते तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती पंधरा वर्षांची होती तेव्हा पिंपरीतली पप्पांची कंपनी बंद पडली. पप्पांनी घरी सांगितलंच नाही. आठ महिने ते रोज पहाटे युनिफॉर्म घालून, डबा घेऊन निघायचे आणि शिफ्टच्या वेळेला परत यायचे. ठेव मोडून ते पैसे पगार म्हणून आईच्या हातात ठेवायचे. एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून ती मागे गेली. आयुष्यातला तिचा पहिला पाठलाग. पप्पा निगडीच्या टेकडीवर चढले आणि एका बाकावर बसून राहिले. दुपारी खालच्या कुठल्यातरी कंपनीचा भोंगा झाला तेव्हा त्यांनी डबा उघडला. भोंगा होईपर्यंत त्यांनी डब्याला हात लावला नव्हता. ती झाडामागे उभी राहून रडली आणि घरी येऊन गप्प बसली. पुढे पप्पांना एका सोसायटीत मेंटेनन्सचं काम मिळालं, त्यांनी कंपनी सोडली म्हणून सांगितलं, आणि विषय संपला. आईला अजून माहीत नाही. आपल्याला माहीत आहे, हे पप्पांना माहीत नाही.

"त्यांना कळलं की मी पाहिलंय, तर ते माझ्या डोळ्याला डोळा देणार नाहीत," ती म्हणाली. "एवढं एक मी सांभाळलंय."

तिने वळून प्रितमकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने तिच्या हातावर हात ठेवला, पहिल्यांदाच.

"मिनल… मला पण तुला एक—"

तेवढ्यात सेटवरून फोन आला. तो उठला, दोनदा मागे वळून बघितलं, आणि पावसात गेला. पुढे अकरा दिवस ते रोज भेटले. ते वाक्य त्याने पुरं केलं नाही आणि मिनलनेही विचारलं नाही, कारण त्या हाताचाच विचार तिला पुरत होता.

*

बाराव्या दिवशी भाग संपल्यावर पडद्यावर 'उद्याच्या भागात' आलं. एक माणूस युनिफॉर्म घालून, डबा घेऊन टेकडी चढत होता. तो बाकावर बसला. कुठेतरी भोंगा झाला आणि त्याने डबा उघडला.

मिनल उठली. आतल्या खोलीतून मोरीत गेली, नळ सोडला आणि फोन लावला.

"तीन वर्षांत मी एका घराची गोष्ट दुसऱ्या घरात नेली नाही," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक होता आणि त्यामुळेच वाईट होता. "आणि तू माझ्या घराची गोष्ट घराघरात नेलीस. चोर आहेस तू. पिशवी कापणारा बरा, तो निदान ओळख काढून चहा पाजत नाही."

"मिनल, ऐक तरी… ती तुझ्या पप्पांची—"

"पप्पांचं नाव तोंडातून काढू नकोस."

तिने फोन कापला, त्याचा नंबर ब्लॉक केला, आणि नळाखाली तोंड धरलं. राग येणं तिला नवं नव्हतं, ती दिवसातून चारदा चिडायची. पण हा राग वेगळा होता, यात रडू होतं. आपण दुसऱ्यांच्या मुलींसाठी सतरा जणांना विचारून मुलं पारखतो, आणि स्वतःच्या वेळी एका चहावर विश्वास ठेवला, हे तिला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती लवकर घरी आली आणि टीव्हीच्या डब्याची वायर मागच्या बाजूने तोडून ठेवली. पण जयसिंगरावांचं सगळं आयुष्य मेंटेनन्समध्ये गेलेलं. त्यांनी पकड आणली, पाच मिनिटांत वायर जोडली, उंदीर झालेत म्हणाले, आणि आठला खुर्ची पुढे ओढली. सावित्रीबाई उंबऱ्यात येऊन बसल्या. चतुराबाईंनी मेथीची जुडी सोडली.

मिनल टीव्हीकडे बघत नव्हती. ती पप्पांच्या हाताकडे बघत होती. पडद्यावरचा माणूस टेकडी चढला तेव्हा गुडघ्यावर ताल धरलेला तो हात थांबला.

"अगं बाई, असं कुठं असतं का," सावित्रीबाई म्हणाल्या. "घरच्यांना कळणार नाही का?"

भोंगा झाला, माणसाने डबा खाल्ला. शिफ्ट सुटायची वेळ झाली तसा तो खाली उतरला आणि रस्त्याकडेच्या एका गॅरेजात शिरला. तिथे जळक्या तेलाचा डबा होता. त्याने तेलात दोन बोटं बुडवली, युनिफॉर्मच्या बाहीवर पुसली, नखांत चोळली, आणि मग घरी गेला.

मिनलने झटकन पडद्याकडे पाहिलं. हे काय? हे तर तिने सांगितलं नव्हतं. हे तिला माहीतच नव्हतं.

"हे मला नाही सुचलं," जयसिंगराव म्हणाले.

"काय नाही सुचलं, भाऊ?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"तेल." ते पडद्याकडेच बघत होते. "आठ महिने टेकडीवर बसलो, पण बाहीला तेल लावायचं मला सुचलं नाही."

चतुराबाईंनी मेथीचं देठ कचकन मोडलं.

"म्हणून तर मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं," त्या म्हणाल्या. "धुणं कोण धूत होतं? वीस वर्षं ती बाही घासून माझी बोटं झिजली, आणि एकदम पाण्याला रंगच येईना."

"मग… बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? घरात बसला असता तर खचला असता. डबा न्यायचा, रिकामा आणायचा, चाललं होतं." त्यांनी दुसरं देठ मोडलं. "पण राग आला होता मला. मला सांगता येऊ नये? अजून आहे तो राग."

"मला पण माहीत होतं, पप्पा," मिनल म्हणाली. तिला वाटलं होतं पप्पा मान खाली घालतील. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग चतुराबाईंकडे बघितलं, आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले. एवढ्याशा घरात तिघं जणं एकच गोष्ट एकमेकांपासून बारा वर्षं लपवत होती.

"हे ज्याने लिहिलंय ना," ते म्हणाले, "तो स्वतः बसलेला आहे बाकावर. ऐकून नाही लिहिता येत हे."

*

पुरावा नसेल तर रिपोर्ट नाही, हा कुसुमताईंचा दुसरा नियम. दोन साक्षीदार असल्याशिवाय त्या कुठल्याही मुलाला बरा की वाईट म्हणत नसत. आणि मिनलने एका माणसाला एकाही साक्षीदाराशिवाय चोर ठरवलं होतं.

सकाळी तिने भाजीची पिशवी घेतली आणि चिखलीला गेली. प्रितमच्या घराच्या रस्त्यावर तीन गॅरेजं होती. तिसऱ्या गॅरेजच्या भिवाने हात पुसत तिचं ऐकून घेतलं. "सोनकांबळ्यांचा प्रितम? हो ना. चार वर्षं झाली की. कंपनीने ब्रेक दिला, घरी सांगायची हिंमत नाही. रोज टेकडीवर जाऊन वहीत कायतरी लिहीत बसायचा आणि जाताना माझ्या डब्यात बोटं बुडवून जायचा. मी म्हणायचो, अरे भावा, आईला शेवटी कळणारच." तो थांबला. "स्थळासाठी विचारताय का?"

मिनलने पिशवी उचलली. तिथून ती साहेबरावांच्या टपरीवर गेली. टेकडीचं शूटिंग कधी झालं, एवढंच तिने विचारलं. साहेबराव म्हणाले, ते होय, ते तर दसऱ्याच्या आधीच उरकलं, आपणच चहा नेला होता वर. आणि मिनलने पप्पांची गोष्ट सांगितली होती ती दसऱ्यानंतर, परतीच्या पावसात.

दोन साक्षीदार झाले. पप्पा आणि प्रितम दोघंही टेकडीवरच्या बाकावरच बसले, यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. टेकडीवर सावली फुकट, पाणी फुकट, आणि ओळखीचं कुणी दुपारी येत नाही. या गावातली किती माणसं तिथे बसून गेली असतील, देव जाणे. मिनलला हायसं वाटायला हवं होतं. पण तिचा राग दुप्पट झाला, निम्मा स्वतःवर आणि निम्मा त्याच्यावर. ती एजन्सीत गेली, कुसुमताईंच्या टेबलावरून चौकशीचा छापील फॉर्म घेतला आणि उभ्या उभ्या भरला. कुसुमताई चष्म्यावरून बघत होत्या. "पेन जरा हळू टेकव," त्या म्हणाल्या, "कागद फाटेल."

मोशीच्या चौकात पुन्हा छत्र्या होत्या, पुन्हा गर्दी होती. कावेरी खबरे या वेळी सुती साडीत होती आणि तिच्या हातात भाजीची पिशवी होती. मिनलने कुणाचंही न ऐकता स्कूटर सरळ कॅमेऱ्यासमोर घातली. ओरडाआरडा झाला. प्रितम धावत आला आणि तिला बघून जागीच थांबला. दोन रात्री झोपला नसावा, दाढी वाढली होती.

"चोर म्हटलं ते मागे घेते," ती म्हणाली. "बाकीचं काही मागे घेत नाही."

"मिनल, मी सांगणार होतो. त्या दिवशी पावसात…"

"त्यानंतर अकरा दिवस होते."

"लाज वाटली." तो खाली बघत म्हणाला. "तू वडिलांचं सांगत होतीस, मी स्वतः तसाच… आईला सात महिने फसवलेला. आणि भाग तर शूट होऊन गेला होता. चॅनेलला म्हटलं, काढून टाका. ऐकलं नाही कुणी. मग वाटलं, तुला सांगितलं तर तू जाशील. नाही सांगितलं तरी…"

"स्वतःची लाज तू अख्ख्या महाराष्ट्राला टीव्हीवर दाखवलीस. आणि मला एकटीला सांगायची लाज वाटली?"

तिने पिशवीतून, मेथीच्या जुडीखालून, एक पाकीट काढून त्याच्या हातात दिलं.

"आजच्या चुका?" त्याने विचारलं. आवाजात हसण्याचा प्रयत्न होता, तो काही जमला नाही.

"वाच."

त्याने फॉर्म उघडला. वर छापलेलं होतं, 'स्थळाची गोपनीय चौकशी'. खाली मिनलचं दाबून लिहिलेलं अक्षर. 'मुलाचं नाव: प्रितम सोनकांबळे, राहणार चिखली. नोकरी: कंत्राटी, आधी कंपनीत, आता सीरियलमध्ये. व्यसन: चहा. खोटं बोलतो का: घरच्यांशी एकदा बोलला, साक्षीदार भिवा गॅरेजवाले. चोरी करतो का: नाही, साक्षीदार साहेबराव. दोष: बोलायच्या वेळी गप्प बसतो. हा दोष मोठा आहे आणि सुधारावा लागेल. विशेष: मुलीचे वडील विचारतात की तेलाची युक्ती त्याची स्वतःची का.'

प्रितम वाचता वाचता थांबला. मुलीचे वडील… त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग त्याची नजर सगळ्यात खालच्या रकान्यावर गेली. तिथे छापलेलं होतं, 'चौकशी करवून घेणाऱ्या पक्षाचं नाव'. एरवी तिथे नानासाहेबांसारख्या कुणाचं तरी नाव असायचं. आता तिथे लिहिलं होतं, मिनल जयसिंग ओव्हाळ.

त्याने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. "मिनल… हे नाव…"

"का? वाचता येत नाही?" तिच्या नाकाचा शेंडा लालभडक झाला होता.

"येतं," तो म्हणाला. "मी… फार दिवस झाले, तुझ्यावर—"

"पूर्ण बोल. या वेळी अर्धवट सोडलंस तर खरंच जाईन."

त्याने वाक्य पूर्ण केलं. ते काय होतं, ते गर्दीला ऐकू गेलं नाही. पण कावेरी खबरेचं काम करणारी बाई पदर तोंडाला लावून हसली. मागून कॅमेऱ्याजवळचा माणूस वैतागून ओरडत होता, अहो ताई, गाडी घ्या बाजूला, तुम्ही फ्रेममध्ये येताय.

मिनल हलली नाही. तिने प्रितमचा हात धरला, दुसरा हात त्या माणसाच्या दिशेने पसरला, आणि चढ्या आवाजात म्हणाली, "दोन मिनिटं थांबा."